उंबऱ्याच्या आतलं शांघाय

कोल्हापूरहून बीडच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि मी तटस्थ माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र होतं. प्रतिज्ञापत्र मीच लिहिलं होतं. त्यात शेवटची ओळ माझ्या आग्रहाने घातली होती : 'संस्थेच्या अध्यक्षा माझ्या सख्ख्या मेहुणी आहेत.'

बायकोने ते वाचलं आणि म्हणाली, "मग तटस्थ कसले तुम्ही?"

"खरं ते लिहिलंय. तटस्थ आहे की नाही, ते त्यांनी ठरवावं."

'त्यांनी' म्हणजे शांघायच्या लवादाने. हे जरा उलगडून सांगायला हवं. मी एका पतसंस्थेत अंतर्गत तपासनीस आहे. माझी सासुरवाड बीड जिल्ह्यातली, आणि धाकटी मेहुणी वनिता गेवराई तालुक्यात, उमापूरच्या पुढच्या एका वाडीत दिलेली. तिथल्या महिला दूध संस्थेची ती अध्यक्ष. पावसाने पाठ फिरवली, वैरण संपली, तेव्हा संस्थेने चीनमधल्या एका कंपनीकडून चारा उगवणारं यंत्र मागवलं. मका पेरायचा तो ट्रेमध्ये, मातीशिवाय, थोड्याशा पाण्यावर. काही महिने यंत्र छान चाललं. मग वाडीची विहीर आटली. वापराच्या टँकरचं पाणी मचूळ, आणि पिण्याचा गोडा टँकर माणसांनाच पुरेना. यंत्राने ते ओळखलं आणि स्वतःला बंद करून घेतलं. ते पुन्हा चालू करण्याची किल्ली कंपनीकडे, आणि कंपनी म्हणते, गोडं पाणी वापरण्याची अट तुम्ही मोडलीत. करारात लिहिलं होतं की वाद झाला तर निवाडा शांघायला, तिथल्या कायद्याने. दोन्ही बाजूंनी एकेक बाहेरचा साक्षीदार हवा. वाडीला बाहेरचा माणूस म्हणून मी सापडलो.

सोलापूर सुटेपर्यंत खिडकीबाहेर हिरवं असं काहीतरी होतं. तुळजापूरच्या घाटानंतर ते विरत गेलं. नुसती काळी रानं, त्यात भेगा, आणि उपटायचीसुद्धा तसदी न घेतलेल्या पऱ्हाट्या (कापसाची वाळकी झाडं). मला मोजायची सवय आहे. मी पाणी असलेल्या विहिरी मोजायचं ठरवलं आणि बीड येईस्तोवर आकडा काही सुरू झाला नाही. पाण्याचे टँकर मात्र मोजता मोजता मी मधेच सोडून दिले.

बीडला गाडी बदलून गेवराईला उतरलो आणि ओळखपत्राच्या प्रती काढायला स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरलो. दुकानदार म्हणजे गळ्यात चष्मा लटकवलेला, माझ्याच वयाचा माणूस. यंत्र तापेपर्यंत टेबलावरचा एक कागद माझ्या नजरेला पडला. एका मंगल कार्यालयाचा बुकिंगचा करार होता तो. 'चक्रीवादळ, भूकंप, सागरी नाकेबंदी अथवा युद्ध उद्भवल्यास कार्यालय जबाबदार राहणार नाही. उभयपक्षी वाद झाल्यास निवाडा शांघाय येथे होईल.'

मी तो दोनदा वाचला. "हे लग्नाच्या हॉलचं आहे ना?"

"हॉलचं, बोअरच्या गाडीचं, ऊसतोडीच्या टोळीचं. समद्यायला ह्योच मसुदा हाय सायेब. दूध संस्थेचा मराठी करार मीच टाइप केलता. लई जबरदस्त हाय. आपले वकील एवढं लिहीतच न्हाईत."

"पण शांघाय कशाला?"

"मी इचारलं व्हतं गिऱ्हाइकाला, गावाचं नाव बदलू का म्हनून. म्हनले, ऱ्हाऊ द्या. तिकडचं लिव्हलं की समोरचा वचकून असतो."

"आणि सागरी नाकेबंदी?"

"ती बी ऱ्हाऊ द्या म्हनले."

मी विचारलं, कुणी कधी हे कलम वापरलं का. तो हसला. "एक मुकादम म्हनला व्हता टोळीला, चला मंग शांघायला. टोळी म्हनली, ने की बे, आमाला बी बघायचंच हाय. तवापसून दोघं बी गप."

मी प्रती घेतल्या आणि काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसलो. उमापूरपर्यंत माझ्या मनात एकच हिशेब चालू होता : या तालुक्यातले निम्मे व्यवहार जरी बिघडले, तरी शांघायच्या लोकांना दुसरं काम उरणार नाही.

वाडीत पोचलो तेव्हा वनिता टँकरपाशी उभी होती. घागरींची रांग लावून देत होती आणि त्याच दमात फोनवर कुणाशी तरी भांडत होती. मला बघून फोन कानापासून न काढताच ओरडली, "दाजी आले! आता बघते कोन काय म्हनतंय ते." दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. माझ्या येण्याने नक्की काय होणार होतं, ते मला ठाऊक नव्हतं. तिलाही नसावं.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पुडीची आमटी) होती. येसराला पाणी कमी लागतं, असं वनिताने सांगितलं. ते तक्रार म्हणून नव्हे, पाककृती म्हणून. हात धुवायला तांब्या दिला आणि तळहात घमेल्यावर धरायला लावले. खाली पडलेलं पाणी वासराच्या वाट्याचं होतं.

जेवण झाल्यावर यंत्र बघायला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये मालगाडीच्या डब्यासारखा एक पांढराशुभ्र डबा. त्याच्या दारावर एक लाल दिवा लागलेला. आत ट्रेंच्या ओळी रिकाम्या. शेडबाहेर गयाबाई नावाच्या सभासद आपल्या गायीच्या अंगावरून हात फिरवत बसल्या होत्या. गायीच्या बरगड्या मी मोजल्या नाहीत, पण मोजता आल्या असत्या.

"औंदा तोडीला गेले न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "घरचे समदे कारखान्यावर गेले. मी हिच्यापायी मागं ऱ्हायले. यंत्र हाय, चारा मिळंल म्हनलं." त्यांनी लाल दिव्याकडे बोट केलं. "आता ह्यो डोळा मिटला न्हाई तर येत्या बाजाराला न्यावी लागंल."

वाडीतल्या बऱ्याच जणींनी तेच ठरवलं होतं. आणि दुष्काळात बाजाराला गेलेलं जनावर कुणाच्या दावणीला जात नाही, हे तिथं कुणालाच सांगायला लागत नव्हतं. जनावरं गेली की दूध गेलं, दूध गेलं की संस्था गेली. वनिता एवढंच म्हणाली, "दाजी, बाजाराच्या आत दिवा हिरवा झाला पायजे."

सुनावणी दुसऱ्या दिवशी सकाळी, संस्थेच्या दूध संकलनाच्या खोलीत. एका कोपऱ्यात फॅट मोजायचं मशीन, भिंतीला टीव्ही, त्यावर कॅमेरा चिकटवलेला. संस्थेचे सचिव रज्जाकभाई पांढरा शर्ट घालून दारात उभे होते. मी आत पाय टाकणार तोच त्यांनी थांबवलं.

"एक मिनिट, दाजी. कायद्याने बघायला गेलं तर ह्या उंबऱ्याच्या आत शांघाय हाय."

मला वाटलं, थट्टा करतायत. त्यांनी लवादाची नोटीस पुढे केली. खरोखरच लिहिलं होतं : प्रत्यक्ष माणसं कुठेही बसलेली असोत, सुनावणी शांघाय येथेच झाली असे समजण्यात येईल. मी तपासनीस आहे. छापील शब्दापुढे माझं काही चालत नाही. चपला काढल्या आणि शांघायमध्ये गेलो.

वाडीने ही गोष्ट माझ्यापेक्षा फार सहज स्वीकारली होती. बाहेरून एकजण ओरडली, "शांघायात कोन बसलंय गं? भाईर ये, पोरगं रडतंय!" आतली उठून बीड जिल्ह्यात गेली, पोराला घेतलं आणि परत आली.

"आजोबाच्या टायमाला आमचा कायदा हैदराबादहून यायचा," रज्जाकभाई म्हणाले. "वालिदच्या टायमाला मुंबईहून आला. आता शांघायहून. कायद्याची कधी टंचाई पडली न्हाई बगा. पानी तेवढं कुठूनच येत न्हाई."

दुभाषी म्हणून अंबाजोगाईहून एक तरुण डॉक्टर आले होते, डॉक्टर आनंद. वैद्यकीचं शिक्षण त्यांनी चीनमध्ये घेतलेलं, त्यामुळे तिथली भाषा उत्तम. फक्त ती सगळी दवाखान्यात शिकलेली. त्यांनी आधीच बजावून ठेवलं, "कायद्याचे शब्द मला कमी येतात. अडलं तर मी तब्येतीच्या भाषेत सांगेन."

पडदा उजळला. डावीकडे लवाद म्हणून एक प्रौढ बाई, करड्या केसांच्या, शांत चेहऱ्याच्या. उजवीकडे कंपनीचा प्रतिनिधी, टाय लावलेला, आणि त्यांचा साक्षीदार. बाईंनी सुरुवातीचं वाक्य उच्चारलं न उच्चारलं, तोच रज्जाकभाई उठले.

"सभेच्या प्रारंभी पाहुण्यांचा सत्कार!"

आमच्याकडची सहकारी संस्था कोल्हापूरची असो की बीडची, सत्काराशिवाय तिची सभा सुरू होत नाही. वनिताने शाल उलगडली आणि टीव्हीला पांघरली. खाली नारळ ठेवला. शालीने कॅमेरा झाकला गेला आणि शांघायमधल्या सगळ्यांना अंधार दिसू लागला. पलीकडून घाबरे आवाज येऊ लागले. शाल सारली, तर कंपनीचा प्रतिनिधी उभा राहून बोलत होता.

"ते म्हणतायत, तुम्ही न्यायाधीशाला भेटवस्तू दिली," डॉक्टरांनी सांगितलं. "हरकत घेतलीय."

बाईंनी नम्रपणे विनंती केली की नारळ परत घ्यावा. रज्जाकभाईंचा चेहरा पडला. "दिलेला सत्कार माघारी? असं कुठं असतं काय डॉक्टर? तिकडं बी असंल की काही रीत!"

हा पेच माझ्या प्रांतातला होता. मी हात वर करून सुचवलं की जेवढा सत्कार लवादाचा, तेवढाच समोरच्या पक्षाचा करावा. म्हणजे बाजू समसमान होतील. गयाबाई धावत जाऊन घरातून दुसरा नारळ घेऊन आल्या. शाल एकच होती, म्हणून ती दोघांना पुरेल अशी पडद्याखाली आडवी टाकली. बाईंनी थोडा विचार केला आणि टिपणीत लिहून घेतलं : उभय बाजूंस प्रत्येकी एक नारळ, हरकत निकाली. प्रतिनिधीने खाली वाकून आपला नारळ कुठे दिसतो का ते पाहिलं.

मग माझं प्रतिज्ञापत्र निघालं. बाईंनी विचारलं, मेहुणी म्हणजे काय. डॉक्टरांनी समजावलं. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, तुमचा यात काही लाभ आहे का.

"नाही," मी म्हणालो. "पण निकाल विरुद्ध गेला तर घरी त्रास आहे."

हेही लिहून घेतलं गेलं आणि मी तटस्थ ठरलो.

आता खरा मुद्दा आला. ज्या आपत्तींत अट मोडली तरी माफ, त्यांच्या करारातल्या यादीत दुष्काळ नव्हता; पण शेवटी 'आणि इतर अनपेक्षित आपत्ती' असे शब्द होते. आमची सगळी भिस्त त्यावर. बाईंनी काहीतरी विचारलं आणि डॉक्टरांनी सवयीने त्याचं मराठी केलं, "हा त्रास तुम्हाला कधीपासून आहे?"

"माझ्या लग्नाआधीपसून," गयाबाईंनी उत्तर दिलं.

प्रतिनिधीला हेच हवं होतं. "म्हणजे जुनाट आहे," डॉक्टरांच्या तोंडून तो बोलू लागला. "ज्या जिल्ह्यात दुष्काळ पुन्हा पुन्हा येतो, तिथे तो अनपेक्षित कसा? तुम्ही यंत्र घेतलंत तेच दुष्काळ डोळ्यांपुढे ठेवून."

माणूस खोटं बोलत नव्हता. मग वनिता उठली. पदर खोचला.

"इचारा त्यांना डॉक्टर. यंत्र दुष्काळासाठीच हाय ना? मंग दुष्काळात गोडं पानी कुठून आनायचं? गोडं पानी असतं तर चारा रानात आला नसता का? छत्री इकली आन् म्हनले, पावसात उघडू नका!"

डॉक्टरांनी हे कसं सांगितलं कोण जाणे, पण बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, दोन्ही पक्षांची संमती असेल तर थोडा वेळ मी निवाडा देणारी राहणार नाही, तडजोड करणारी होईन. आमच्याकडे ही पद्धत आहे.

"म्हंजे पंच!" रज्जाकभाई खुर्चीत पुढे सरकले. "आधीच सांगायचं ना. हे आमाला येतं."

घासाघीस झाली. प्रतिनिधीने कुणाशी तरी फोनवर बोलून शेवटचं सांगितलं : यंत्र आत्ता चालू करतो, खारं पाणी गाळायचं उपकरण आमच्याकडून पाठवतो. बदल्यात संस्थेने साक्षीदारासह एवढंच लिहून द्यावं की या भागात दुष्काळ ही नेहमीची, अपेक्षित गोष्ट आहे.

"त्यांना ते कशाला हवं?" मी डॉक्टरांना हळूच विचारलं.

"यंत्रं पुष्कळ देशांत गेलीत. करार सगळीकडे हाच. उद्या दुसरं कुणी दुष्काळाचं नाव घेतलं, तर तुमचा कागद दाखवतील. तिकडे शिकताना माझ्या खोलीत आफ्रिकेतला एक मुलगा होता. त्याच्या गावाला बंदराचा धक्का बांधला, त्या करारातही निवाडा शांघायला. तो म्हणायचा, आमच्या धक्क्याला भेगा पडल्या की त्या बघायला तिकडे जावं लागतं."

वनिता लगेच पेन शोधू लागली. मी मात्र उठलो. कारण त्याच सकाळी मी दुसरा एक कागद वाचला होता. तहसील कचेरीत द्यायचा अर्ज. वाढीव टँकर मिळावेत म्हणून. 'या भागावर अनपेक्षित व अभूतपूर्व दुष्काळ कोसळला आहे' असं त्यात होतं, आणि बाहेरच्या जबाबदार माणसाची सही असली की वजन पडतं म्हणून त्याखालीही माझंच नाव टाइप केलेलं होतं.

"वनिता, हे मला जमणार नाही," मी म्हणालो. "एका कागदावर अपेक्षित, दुसऱ्यावर अनपेक्षित. दोन्हीखाली एकाच माणसाची सही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांत हेच पकडत आलोय."

"दाजी, बाजार परवा हाय."

"ते कळतंय मला. पण दोन्हींतलं एक खोटं आहे."

पलीकडे बाई विचारत होत्या, काय झालं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. रज्जाकभाई उंबऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "एक आत करा, एक भाईर करा. आत शांघाय हाय, भाईर गेवराई तालुका."

बाईंनी हे भाषांतर फार लक्ष देऊन ऐकलं. मग गंभीरपणे उत्तर दिलं : "उंबऱ्याच्या बाहेर काय लिहिलं जातं, ते पाहणं माझ्या अधिकारात नाही."

कायदा मोकळा झाला होता. अडलो होतो मी. वनिता माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज आता सभेतला नव्हता.

"खोटं एक बी न्हाई दाजी. दुष्काळ येतोच, हे खरं हाय. आन् दर येळंला तो पयल्यांदाच येतो, हे बी खरं हाय. येनार म्हनून धरून चाललं असतं तर ह्या वाडीत कुनी बी पेरायला मुठीतून दाना सोडला नसता."

मी माझ्या परीने हे वाक्य तपासून पाहिलं. त्यात चूक सापडली नाही. शांघायमध्ये बसून मी सही केली की दुष्काळ अपेक्षित आहे. कागद कॅमेऱ्यापुढे धरला. मग उंबरा ओलांडून ओट्यावर आलो, चपला घातल्या, आणि दुष्काळ अनपेक्षित असल्याची सही केली. पेन तेच होतं.

शेडकडून आरडाओरडा ऐकू आला. जाऊन बघतो तो दिवा हिरवा झाला होता आणि डबा हळू आवाजात घुमत होता. गाळायचं उपकरण येईपर्यंत पिण्याच्या टँकरमधून रोज एकेक घागर यंत्राला द्यायची, असं बायकांनी तिथल्या तिथे ठरवलं. कुणाची घागर आधी, यावरून लगेच भांडण पेटलं. ते चाललेलं असतानाच मी निघालो. गयाबाई रात्रीच भिजवून ठेवलेला मका ट्रेमध्ये पसरत होत्या. लेकराच्या अंगावर गोधडी घालावी तसा त्यांचा हात फिरत होता. निघताना रज्जाकभाईंनी माझा सत्कार केला. शाल तीच, टीव्हीखालची.

परतीच्या गाडीत झोप लागली नाही. बायकोने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "काय लिहून दिलंत?" मी म्हणालो, "घरी आल्यावर सांगतो." घरी आल्यावरही नीट सांगता आलं नाही. आमच्या कामात आकडे जुळले नाहीत की कुणीतरी चुकलेलं असतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. इथे जुळत काहीच नव्हतं, आणि चुकलेला माणूस मी अजून शोधतो आहे. कायदे दूरच्या मोठ्या शहरांत लिहिले जातात, आणि ज्याचं राज्य चढतं असतं त्याच्या शहराचं नाव कागदावर चढतं. एवढं मात्र पाहून आलो, की वाडीत पोचल्यावर त्या कायद्यालाही चपला काढून आत यावं लागतं.

बाजाराच्या दिवशी संध्याकाळी वनिताचा फोन आला. मागे जनावरांचा आवाज होता.

"दाजी, आज बाजार व्हता. आमच्यातलं कुनी गेलं न्हाई."

"चारा आला?"

"बोटाच्या पेराएवढा आलाय. गयाबाईची गाय आधी हुंगत बसली. मातीबिगर उगवलेलं तिला पटंना. मंग खाल्लं."

मला बरं वाटलं. तरी सवय जात नाही. मी विचारलं, "गाळायचं उपकरण किती टिकतं, ते लिहून घेतलंय का? पुढच्या वर्षीही दुष्काळ पडला तर?"

वनिता खरोखरच गोंधळून म्हणाली, "असं कावून म्हनता दाजी? पुढच्या वर्षी पाऊस हायच की."